एकच तराजू : ऐतिहासिक कादंबरी आणि आपला वाचक

आपल्या समाजात मराठी ऐतिहासिक कादंबरीची चर्चा निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘त्यात मुसलमान कसा दाखवला आहे?’ हा प्रश्न गैर आहे असे मी म्हणणार नाही. ज्या समाजाला शंभर-सव्वाशे वर्षे कथेतल्या पलीकडच्या छावणीतच बहुधा उभे केले गेले, त्याने तो विचारणे स्वाभाविक आहे. खटकते ते एवढेच, की आपल्याकडे पहिला प्रश्नच शेवटचा ठरतो. कादंबरीतले चांगले मुसलमान किती, वाईट किती, याची मोजदाद करायची, बेरीज-वजाबाकी मांडायची आणि लेखकाला ‘पूर्वग्रहदूषित’ किंवा ‘उदारमतवादी’ असे प्रमाणपत्र देऊन मोकळे व्हायचे. याला मराठीत समीक्षा म्हणत नाहीत आणि उर्दूत तनकीदही म्हणत नाहीत. ही खानेसुमारी झाली.

मी नंदुरबार जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमची मुले घरात उर्दू बोलतात, बाजारात अहिराणी आणि गुजराती ऐकतात, सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या माणसांची भिलीही त्यांच्या कानावर असते. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास ती उर्दूतून वाचतात, कारण बालभारतीचे ते पुस्तक उर्दूतही निघते. पुढे ज्यांना वाचनाची गोडी लागते त्यांच्यापुढे दोन कपाटे उघडतात. एका कपाटात रणजित देसाई, ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत, विश्वास पाटील. दुसऱ्यात अब्दुल हलीम शरर आणि नसीम हिजाजी. दोन्हींत घोडे आहेत, तलवारी आहेत, किल्ले आहेत, गद्दार आहेत. छावण्या तेवढ्या बदललेल्या. प्रस्तुत लेखात मला हेच मांडायचे आहे की या दोन्ही कपाटांना आपण एकच तराजू लावला पाहिजे. दुसऱ्याच्या कादंबरीत जे आपल्याला टोचते ते आपल्या कादंबरीत आले की आपण टाळ्या वाजवतो, हे इन्साफाला धरून नाही.

मुळात ही दोन कपाटे एकमेकांना परकी नाहीत. दोघांचा उस्ताद एकच, वॉल्टर स्कॉट. मराठीत रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली आली आणि तिला पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी मानतात. त्यानंतर हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ पत्रातून या प्रकाराला घरोघरी नेले. तिकडे लखनौला शरर यांनी १८८७ मध्ये ‘दिलगुदाज’ हे मासिक काढले आणि १८८८ मध्ये ‘मलिकुल अजीज वर्जिना’ ही क्रूसयुद्धांवरची कादंबरी लिहिली. स्कॉटच्या ‘टॅलिस्मन’मध्ये मुसलमानांचे चित्रण बरोबर नाही असे शरर यांना वाटले, आणि त्याला उत्तर म्हणून आपण लेखणी उचलली अशी त्यांची भूमिका होती. गंमत अशी की त्याच ‘टॅलिस्मन’मध्ये सलाहुद्दीन मोठ्या मनाचा, शूर आणि सभ्य असा रंगवला आहे. म्हणजे उर्दूतल्या ऐतिहासिक कादंबरीची सुरुवातच ‘त्यात मुसलमान कसा दाखवला आहे?’ या प्रश्नातून झाली. आपला हा प्रश्न जुना आहे. त्यातून एक जोमदार परंपरा उभी राहिली आणि एक खोडही जडली : उत्तर देण्यासाठी लिहायचे.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी. हरिभाऊ आपट्यांनी ऐतिहासिक कादंबरीला हात घातला तो शिवकाळापासून नव्हे, टिपू सुलतानापासून. ‘म्हैसूरचा वाघ’ ही त्यांची सुरुवातीची कादंबरी मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीच्या आधाराने लिहिलेली आहे. पुढे ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’ आल्या आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीचा मुख्य रस्ता ठरून गेला. टिपू मात्र मराठीच्या दारात पहिल्यांदा आला तो इंग्रजाच्या बोटाला धरून. विसाव्या शतकात उर्दूत तोच टिपू नसीम हिजाजींच्या ‘और तलवार टूट गई’त भेटतो, आणि तिथे त्याच्या अंगावर एकही डाग उरत नाही. दोन भाषा, एक माणूस. एकीने त्याला उसन्या नजरेने पाहिले, दुसरीने डोळे दिपवून घेऊन.

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ १९८८ मध्ये आली. मराठी घरांत ती किती वाचली गेली हे सांगायला नको. नसीम हिजाजींची ‘मुअज्जम अली’ मालेगाव-बुऱ्हाणपूरकडच्या उर्दू वाचकांत तितकीच परिचित आहे. तिचा कल्पित नायक सिराजुद्दौल्याच्या बाजूने इंग्रजांशी लढतो, मग पानिपतच्या रणात अब्दालीच्या बाजूने उतरतो आणि अखेरीस हैदरअलीच्या श्रीरंगपट्टणात जाऊन स्थिरावतो. एकच मैदान आणि एकच तारीख, १४ जानेवारी १७६१, पण दोन कादंबऱ्या समोरासमोरच्या फळ्यांतून ते पाहतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात अशी माझी प्रत्येक वाचकाला विनंती आहे. एकटी वाचली तर दोन्ही रक्त तापवतात. जोडीने वाचल्या की विचार करायला लावतात.

या मैदानावर दोन्ही बाजूंच्या सोप्या हिशेबाला अडचणीत टाकणारा माणूस म्हणजे इब्राहिमखान गारदी. फ्रेंच पद्धतीने तयार झालेल्या पायदळाचा आणि तोफखान्याचा हा सरदार भाऊसाहेबांच्या बाजूने लढला, जखमी होऊन पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मेला. दहावीच्या वर्गात मी त्याची हकीकत सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, ‘आपा, ये हमारा था या उनका?’ प्रश्न निरागस होता, पण आपली सगळी ऐतिहासिक कादंबरी आणि तिच्यावरची आपली बहुतेक परीक्षणे त्या एका प्रश्नात मावतात.

उत्तर शोधायचे तर कागदाकडे जावे लागते. काशीराज शिवदेव हा दख्खनी ब्राह्मण अवधच्या शुजाउद्दौल्याच्या नोकरीत होता. तो त्या वेळी छावणीत हजर होता आणि पुढे त्याने फारसीत पानिपतची हकीकत लिहिली. त्याच्या सांगण्याप्रमाणे लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊंना भेटला. आपण माणसांच्या दरमहा पगाराचा आग्रह धरतो म्हणून भाऊंची आपल्यावर नाराजी आहे, हे त्याला ठाऊक होते. त्या महिन्याचा पगार मिळालेला नव्हता, तरी आज आपण आपले कर्तव्य करून दाखवू, असे तो बोलला आणि रोहिल्यांच्या फळीवर चालून गेला. मी मुलींना एवढेच सांगितले की हा आपल्या शिपायांच्या पगारासाठी मालकाशी भांडणारा आणि पगार थकलेला असताना रणात उभा राहणारा माणूस होता. ‘हमारा’ आणि ‘उनका’ या दोन रकान्यांत तो बसत नाही.

विश्वास पाटलांनी इब्राहिमखानाला आदराने रंगवले आहे याबद्दल आपले परीक्षक त्यांना शाबासकी देतात. ती योग्यच आहे. पण शाबासकीपुढे जाऊन समीक्षकाने दुसऱ्या काही गोष्टींवरही बोट ठेवले पाहिजे. त्याच मैदानात अब्दालीच्या बाजूला शुजाबरोबर अनुपगीर गोसाव्याची फौज होती. मराठ्यांच्या बाजूला बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर होता. तो जखमी अवस्थेत सुरजमल जाटाच्या मुलखात पोचला आणि तिथेच वारला. त्याची कबर भरतपूरला आहे. युद्धानंतर शुजाच्या आश्रयाने मराठ्यांच्या प्रेतांना अग्नी मिळाला. इतकी गुंतागुंत ज्या मैदानात आहे तिथे एक चांगला मुसलमान दाखवला की काम भागते का? आणि ज्या उर्दू कादंबरीचा नायक अब्दालीच्या बाजूने तलवार चालवतो, तिच्या वाचकाला मी विचारीन : तुझ्या नायकासमोर तोफेशी उभा असलेला इब्राहिमखान तुला दिसला का? दिसला असेल तर तुझ्या मनात काय आले?

मराठी बोलीत ‘गारदी’ या शब्दाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. पानिपतचा गारदी लोकांच्या स्मरणातून मागे गेला आणि ३० ऑगस्ट १७७३ चा, शनिवारवाड्यात नारायणरावाला मारणारा गारदी पुढे राहिला. त्या गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग होता, हे नावच पुरेसे बोलके आहे. पण शब्दाला एकदा वास लागला की तो धुऊन निघत नाही. कादंबरीकार अशा शब्दांचे वजन बदलू शकतो. ‘पानिपत’ने ते काही अंशी बदलले, याची नोंद आपल्या परीक्षणांत व्हायला हवी.

आता बायकांविषयी, कारण दोन्ही कपाटे वाचताना मला सर्वांत जास्त अस्वस्थता इथे येते. शरर यांच्या कादंबरीत ख्रिस्ती राजघराण्यातली वर्जिना मुसलमान वीरावर लुब्ध होते आणि त्याचा धर्म स्वीकारते. पुढे उर्दूत या नमुन्याच्या किती नायिका आल्या त्याची गणती नाही. मराठीत कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट प्रत्येक पिढी ऐकत आली. त्या गोष्टीत महाराजांचे शील झळाळते, पण त्या सुनेला नाव नाही, आवाज नाही. ती फक्त सुंदर आहे. दोन्ही भाषांत दुसऱ्या बाजूची स्त्री ही आपल्या वीराचा मोठेपणा मोजायचे माप झाली आहे. कधी तो तिला जिंकतो, कधी सन्मानाने परत पाठवतो. तिला स्वतःला काय हवे होते, हे विचारायला कोणी थांबत नाही. या बाबतीत इनामदारांची ‘राऊ’ (१९७२) मला वेगळी वाटते. तिथे मस्तानीला नाव आहे, मन आहे, आणि तिच्या असण्यामुळे पेशव्यांच्या अख्ख्या घराची परीक्षा होते. पाबळला मस्तानीची कबर आहे. तिच्यावरच्या कादंबरीचे परीक्षण करताना ‘मुसलमान स्त्रीचे चित्रण सहानुभूतीने केले आहे’ एवढ्या एका वाक्यावर आपण थांबतो. ती कोणत्या घरात, कोणत्या अटींवर, कोणाच्या नजरेखाली जगली, हे लेखकाने किती दाखवले, याची चर्चा व्हायला हवी.

औरंगजेबाच्या वाट्याला तर दोन्ही कपाटांत माणूसपण फार थोडे आले. एकीकडे तो दैत्य आहे, दुसरीकडे वली. इनामदारांनी ‘शहेनशहा’मध्ये त्याला मध्यभागी बसवून आतून पाहण्याचा प्रयत्न केला, हे धाडस मराठीत विरळाच. या बादशहाची एक हकीकत आपल्या खानदेशातली आहे. दख्खनच्या सुभेदारीवर येताना, १६५३ च्या सुमारास, तो बुऱ्हाणपूरला थांबला. तिथे तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत त्याने हिराबाई नावाच्या गायिकेला पाहिले आणि तो तिच्या प्रेमात वेडा झाला. ‘मआसिरुल उमरा’सारख्या फारसी ग्रंथात ही हकीकत आली आहे. हिराबाई लवकरच वारली. ज्याला फक्त दैत्य रंगवायचा आहे त्याला ही जैनाबादी गाळावी लागते. ज्याला फक्त वली रंगवायचा आहे त्यालाही ती गाळावी लागते. कादंबरीकाराने काय गाळले, हे शोधणे समीक्षकाचे पहिले काम आहे.

त्याने काय भरले, हे शोधणे दुसरे. या बाबतीत आपणही सैल आहोत. शिवरायांच्या चाकरीतले मुसलमान मोजताना आपण सर्वांत आधी मदारी मेहतरचे नाव घेतो. आग्र्याच्या सुटकेची ती गोष्ट सुंदर आहे, पण ती उत्तरकालीन कथांमधून आलेली आहे. याउलट पायदळाचा सरनोबत नूरबेग, आरमारातला दौलतखान, फारसी पत्रव्यवहार पाहणारा काझी हैदर ही इतिहासात नोंदलेली नावे आहेत. गोविंद पानसरे यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ या १९८८ च्या पुस्तिकेमुळे ती सामान्य वाचकापर्यंत पोचली. कागदावर भक्कम उभे असलेले दौलतखान आणि काझी हैदर सोडून आपण कथेतल्या मदारीला कवटाळतो, कारण त्याची निष्ठा डोळ्यांत पाणी आणते. मग दुसऱ्याने कथेलाच इतिहास मानले तर त्याला कोणत्या तोंडाने बोलायचे?

कथेला इतिहास मानण्याची किंमत काय असते ते २०२५ साली महाराष्ट्राने पाहिले. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ (१९७९) या कादंबरीवरचा हिंदी चित्रपट त्या फेब्रुवारीत आला. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल पेटली आणि त्यात एकाचा जीव गेला. चित्रपटाने लोकांच्या भावना भडकल्याचे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत बोलून दाखवले. त्याच सुमारास आपल्या शेजारी बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत लोक रात्री विजेऱ्या घेऊन मुघलांचे सोने खणत होते. पडद्यावर बुऱ्हाणपूरचा खजिना पाहिलेला, म्हणून तो मातीतही असणारच! नागपूरच्या घटनेवर आपण दुःखाने बोलतो आणि असीरगडच्या घटनेवर हसतो. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे. कल्पना कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो, हे वाचकाला कोणी शिकवलेच नाही.

याच चित्रपटावर शिर्के घराण्यातल्या लोकांनीही आक्षेप घेतला होता. गणोजी शिर्क्यांना गद्दार दाखवून आपल्या कुळाची बदनामी झाली असे त्यांचे म्हणणे होते, आणि दिग्दर्शकाने त्यावर दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे काळ्या रंगाचा ब्रश फक्त आपल्यावरच फिरतो असे नाही. पराभव झाला की फितूर शोधायचा ही या कथाप्रकाराची सवयच आहे. मराठीत गणोजी, उर्दूत मीर जाफर आणि मीर सादिक. तोफा कमी का पडल्या, रसद का तुटली, रयत का थकली होती, या कंटाळवाण्या प्रश्नांपेक्षा गद्दार वाचायला सोपा असतो. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतचा अभ्यास करताना असल्या कंटाळवाण्या प्रश्नांचाच पाठपुरावा केला, म्हणून त्यांचे पुस्तक कादंबरीच्या वाचकानेही शेजारी ठेवावे.

मग चांगले परीक्षण कसे असते? मराठीत त्याचा नमुना नरहर कुरुंदकरांनी घालून दिला आहे. ‘श्रीमान योगी’ला त्यांनी लिहिलेली दीर्घ प्रस्तावना लेखकाची पाठ थोपटण्यासाठी लिहिलेली नाही. शिवरायांचे वेगळेपण नेमके कशात, हा प्रश्न ते आधी स्वतःपुढे ठेवतात. राजा गेल्यावरही रयत सत्तावीस वर्षे का लढत राहिली, याचे उत्तर शोधतात आणि त्यातून महाराजांना पाहतात. ही नजर चमत्कारावर विसंबत नाही, आणि शत्रू काळा केल्याशिवाय नायक उजळत नाही असेही मानत नाही. उर्दूत हेच काम वेगळ्या वाटेने कुर्रतुलऐन हैदर यांनी केले. ‘आग का दरिया’ (१९५९) मौर्यकाळापासून फाळणीनंतरपर्यंत वाहते. त्यात गौतम, चंपा, कमाल ही नावे शतकाशतकांत परत येतात आणि कोणतीही छावणी कायमची आपली किंवा परकी राहत नाही. आमच्या मुलांच्या हाती हिजाजी सहज पडतात, हैदर पडत नाहीत. याला मुले जबाबदार नाहीत, आपण शिक्षक आहोत.

वर्गात मी मुलांना कादंबरी वाचताना चार प्रश्न वहीत लिहायला सांगते. पहिला, यातली कोणती माणसे आणि घटना कागदात सापडतात आणि कोणत्या लेखकाच्या आहेत? दुसरा, शत्रूला लढायला स्वतःचे काही कारण दिले आहे की तो केवळ दुष्ट आहे म्हणून लढतो? तिसरा, यातल्या बायका बोलतात का, आणि बोलल्या तर काय मागतात? चौथा, शेतकरी, शिपाई, हमाल, भिस्ती कुठे आहेत? हे प्रश्न मराठी पुस्तकाला जसे तसेच उर्दू पुस्तकाला. सुरुवातीला मुले हिजाजींच्या बाबतीत नाराज होतात. ‘मुअज्जम अली’चा नायक कधी चुकत का नाही, असे एकाने वहीत लिहिले होते. त्या एका ओळीत मला समीक्षेची सुरुवात दिसली.

‘त्यात मुसलमान कसा दाखवला आहे?’ हा प्रश्न मी सोडून द्यायला सांगत नाही. त्याला या चार प्रश्नांच्या रांगेत बसवा, एवढेच म्हणते. तिथे बसल्यावर तो तक्रार राहत नाही, त्याला वजन येते. एखाद्या मराठी कादंबरीत अन्याय झाला असेल तर तो पुराव्यानिशी दाखवून देण्याचा हक्क त्यालाच मिळतो, ज्याने स्वतःच्या कपाटातल्या पुस्तकाला सवलत दिलेली नाही.

शेवटी आपल्या लिहिणाऱ्यांना एक सांगणे. दुसऱ्यांनी आपल्याला कसे लिहिले याच्या फिर्यादी पुष्कळ झाल्या. खानदेशात कादंबरीकाराची वाट पाहणारे किती विषय पडून आहेत! १३७० मध्ये थाळनेरची जहागीर मिळालेल्या मलिक राजापासून १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती जाईपर्यंत चाललेले फारुकींचे राज्य आहे. त्यांच्या कबरी थाळनेरला आजही उभ्या आहेत. ‘आईने अकबरी’त माळवा सुभ्यात नोंदलेली नंदुरबार सरकार आहे. सुरत-बुऱ्हाणपूर वाटेने जाणारे कारवान आहेत, नवापूरच्या तांदळाच्या कस्तुरीसारख्या वासाची तारीफ करणारा ताव्हर्निये आहे. १६३० च्या दुष्काळात याच वाटेने नंदुरबारवरून गेलेला आणि वाटेवर पडलेल्या प्रेतांची नोंद करणारा पीटर मंडी आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात गोळ्या झेलणारा शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती आहेत. या सगळ्यांत सुलतान आहेत, तसे वाणी आहेत, भिल्ल आहेत, विणकर आहेत, बैलगाडीवाले आहेत. यांवर कोणी मराठीत लिहील तेव्हा आपल्याच माणसांना संत करून ठेवू नये. त्यांना पगाराची चिंता करू द्यावी, चुकू द्यावे, घाबरू द्यावे. आणि तसली कादंबरी परीक्षणासाठी माझ्याकडे आली, तर तिलाही मी हेच चार प्रश्न विचारीन.